समजून घ्या : उसाचे पाचट पेटवले की नुकसान कोणाचे?

अंबड तालुक्यातील अंकुशनगर म्हटले की समर्थ सहकारी साखर कारखाना आठवतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर या पट्ट्यात ऊस वाढला. गोदावरीही जवळच, शहागडजवळून वाहते. त्यामुळे इथल्या शेतातून वाहून जाणारे पाणी आधी ओढ्याला आणि मग नदीला मिळते. त्या पाण्यासोबत काय जाते, हे तोडणीनंतर पाचटाचे काय केले, यावरही ठरते.

पाण्यासोबत काय वाहते?

उघड्या काळ्या जमिनीवर जोराचा पाऊस पडला की थेंबांच्या माऱ्याने मातीचे कण फुटतात, वरची छिद्रे बुजतात आणि पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून जातो, तर नायट्रेट पाण्यात विरघळून जाते. फवारलेल्या तणनाशकाचा अंशही सोबत असतो. पाण्यात नत्र-स्फुरद वाढले की शेवाळ आणि जलपर्णी फोफावते. नायट्रेट खाली झिरपून विहिरीतही उतरते.

उसात सर्रास वापरले जाणारे ॲट्राझीन हे तणनाशकही भूजलात उतरते. याच कारणामुळे युरोपीय संघाने २००४ मध्ये त्याची मान्यता नाकारली. भारतात ते वापरात आहे.

पाचट काय करते?

एका हेक्टरमधून साधारण ८ ते १० टन पाचट मिळते. ते सरीत पसरले की थेंबाचा मारा पाचट झेलते, वाहणारे पाणी अडखळते आणि गाळ शेतातच राहतो. जमिनीवर ऊन न पडल्याने बहुतेक तणांचे बी उगवत नाही. म्हणजे खुरपणी आणि फवारणी दोन्ही कमी होतात. जूनच्या पहिल्या पावसातही अर्धवट कुजलेला थर जमिनीवर असतो.

पाचटात सुमारे अर्धा टक्का नत्र असते. १० टनांचा हिशेब केला तर ते ५० किलो, म्हणजे युरियाच्या जवळपास अडीच गोण्यांइतके होते. ते हळूहळू पिकाला मिळते. पेटवले तर बहुतांश नत्र धुरावाटे जाते आणि जमीन पुन्हा उघडी पडते.

खोडव्यात कसे करावे?

- बुडख्यांवरचे पाचट सरीत ओढून घ्यावे आणि बुडखे जमिनीलगत छाटावेत.
- पाचट कुजण्यासाठी हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकावे, मग पाणी द्यावे.
- बगला फोडू नयेत. रासायनिक खत पहारीने, बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, १५ ते २० सेंटिमीटर खोल द्यावे. वर फेकलेले खत पाण्यासोबत जाते, मातीआड गेलेले टिकते.

मर्यादा कोणत्या?

लव्हाळा आणि हरळी पाचटातूनही वर येतात. लव्हाळ्याच्या गाठी व हरळीच्या काशा खणून वेचाव्या लागतात. तणनाशक वापरायचेच असेल तर पावसाचा अंदाज पाहून, तण असेल तेवढ्याच जागी फवारावे.

नव्या लागणीत पाचट नसते. तिथे सरीच्या बगलेला हरभरा किंवा मुगासारखे आंतरपीक घेतले तर जमीन झाकली जाते. ओढ्याकडच्या बांधावर मारवेल किंवा वाळ्याचा पट्टा ठेवावा. शेतातून निसटलेला गाळ तिथे अडतो आणि मारवेल जनावरांनाही चालते.

पाचट पेटवायला एक काडी पुरते. सरीत पसरायला मजूर लागतात, हीच खरी अडचण आहे. पण हा खर्च मोजताना वाचलेली खुरपणी, वाचलेले पाणी आणि पावसासोबत ओढ्याला जाणारे विकतचे खतही हिशेबात धरायला हवे.