अंगणातील हिरवळ आणि हंड्यातील पाणी

वैशाखातील दुपारी परभणीच्या कोणत्याही नव्या वसाहतीत फेरफटका मारला, तर एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. घरे सुबक झाली, पण घरांपुढची जमीन नाहीशी झाली. फाटकापासून उंबऱ्यापर्यंत सिमेंट, त्यावर फरशी; आणि ही फरशी दिवसभर साठवलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत घरात सोडत राहते. पारा ४४ अंशांपलीकडे जाणाऱ्या या प्रदेशात अंगणातला हिरवळीचा तुकडा केवळ शोभेचा राहत नाही. गवत पानांवाटे पाणी बाष्परूपाने सोडते, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग फरशीपेक्षा पुष्कळ थंड असतो. धूळ दबते, रांगते मूल पडले तरी फारसे लागत नाही, आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला संध्याकाळी चार पावले चालण्यास मऊ जागा मिळते.

परंतु हिरवळीचा विचार करताना मराठवाड्यातील कुटुंबाने आधी पाण्याचा हिशेब मांडला पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, ही आठवण अजून जुनी झालेली नाही.

हिशेब कागदावर मांडा

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी द्यायचे म्हणजे एक लिटर पाणी लागते. भर उन्हाळ्यात उष्ण प्रदेशातील गवत हिरवेगार ठेवायचे, तर दिवसाला सुमारे ५ मिलिमीटर पाणी हवे. म्हणजे १००० चौरस फुटांच्या हिरवळीस रोज जवळजवळ ४६५ लिटर. शहरी पाणीपुरवठ्याचा सर्वमान्य निकष दरडोई दररोज १३५ लिटर आहे. म्हणजे ही हिरवळ एकटीच साडेतीन माणसांचे पाणी पिते! तीच हिरवळ २०० चौरस फुटांची केली, तर गरज ९३ लिटरांवर येते. म्हणून पहिला सल्ला हाच की, हिरवळ लहान ठेवा आणि उरलेल्या अंगणात कडुनिंबासारखे सावलीचे झाड लावा.

कोणते गवत निवडावे?

रोपवाटिकेत ज्याला ‘कोरियन गवत’ म्हणतात, ते बहुधा झॉयसिया कुळातील असते. अठराव्या शतकातील वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन झॉइस यांच्यावरून हे नाव पडले. या कुळातील तीन प्रकार हिरवळीसाठी विशेष वापरले जातात. रुंद पानांचे जॅपोनिका दणकट असते. मुलांच्या धावपळीला ते टिकते. मध्यम पानांचे मॅट्रेला, म्हणजेच मनिला गवत, दाट आणि देखणे असते. सुईसारख्या बारीक पानांचे टेन्युइफोलिया उंचवटे-खळगे करत वाढते. छायाचित्रात ते मोहक दिसते, पण त्यावर चालताना पाय अडखळतो. घरात वृद्ध माणसे असतील, तर चालण्याच्या जागी ते लावू नये.

झॉयसियाचे गुण तीन. ते सावकाश वाढते, म्हणून कापणी कमी करावी लागते. ते इतके दाट होते की तणांना जागा उरत नाही. आणि अर्धवट सावली ते हरळीपेक्षा चांगली सोसते. सावकाश वाढ हाच त्याचा दोषही आहे. पुंजके लावल्यावर जमीन पूर्ण झाकायला वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो.

आपली हरळी मात्र विसरू नये. गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा तीच. दिवसभर ऊन असलेल्या आणि पाण्याची खात्री नसलेल्या अंगणात तिच्याइतके चिवट गवत शोधून सापडणार नाही. सावलीत ती विरळ होते, आणि शेजारच्या वाफ्यांत घुसते, एवढेच. थोडक्यात, झाडाची सावली असेल आणि थांबण्याची तयारी असेल, तर झॉयसिया. कडक ऊन आणि अपुरे पाणी असेल, तर हरळी. प्लॅस्टिकच्या कृत्रिम गवताचा मोह टाळावा. उन्हात ते फरशीपेक्षाही अधिक तापते आणि अनवाणी पायांना चटका देते.

काळ्या मातीची तयारी

परभणीची भारी काळी माती पावसाळ्यात फुगते, चिबडते. उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. झॉयसियाला साचलेले पाणी मानवत नाही. म्हणून जागा घरापासून बाहेरच्या बाजूस किंचित उतरती ठेवा; दहा फुटांना दोन इंच उतार पुरेसा होतो. वरची सहा इंच माती भुसभुशीत करून तीत भरपूर, पूर्ण कुजलेले शेणखत मिसळा. अर्धवट कुजलेल्या खताबरोबर गाजरगवताचे बी येते, आणि गाजरगवत त्वचेच्या व श्वासाच्या विकारांना निमंत्रण देते. लव्हाळ्याच्या गाठी आधीच खणून काढा. मागाहून त्या हटत नाहीत. काळ्या मातीत थोडीशी वाळू मिसळण्याने फायदा होत नाही. उलट ती अधिक कडक होऊ शकते.

लागवड मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर, वाफसा आला की करावी. चार ते सहा इंचांवर पुंजके लावून माती घट्ट दाबावी. पावसाळ्याचे चार महिने गवताला मुळे खोल नेण्यास मिळतात.

निगा: थोडी, पण नियमित

रोज शिंपडण्यापेक्षा अंतराने, पण मुळांपर्यंत पोहोचेल असे पाणी द्या. वेळ पहाटेची निवडा. उन्हाळ्यात टंचाई आली, तर गवत हिरवे ठेवण्याचा हट्ट सोडा. दहा दिवसांतून एकदा २० मिलिमीटर, म्हणजे २०० चौरस फुटांना सुमारे ३७० लिटर पाणी दिले, तरी दिवसाचा खर्च ३७ लिटरांवर येतो. पाने वाळतील, पण चांगले रुजलेल्या गवताची भूमिगत खोडे बहुधा जिवंत राहतात आणि पावसाबरोबर पुन्हा फुटतात. भाज्या-फळे धुतलेले पाणी हिरवळीस चालते. कपडे धुतलेले पाणी मात्र देऊ नये. साबणातील सोडियममुळे काळी माती आणखी घट्ट होते.

कापणी करताना एका वेळी पानाच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नका. जॅपोनिका दीड इंचावर ठेवावे, उन्हाळ्यात थोडे उंच. वेळेवर कापल्याने गवताला तुरे येत नाहीत, परागकणांचा त्रास असलेल्यांना आराम मिळतो, आणि साप-विंचवाला आडोसा उरत नाही.

झॉयसियाला खत बेताचेच लागते. जुलै आणि सप्टेंबरमध्ये प्रत्येकी दर चौरस मीटरला १० ग्रॅम युरिया टाकून लगेच पाणी दिले, तरी पुरते. आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत पानांवर केवडा दिसला, म्हणजे शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडला, तर लोहाची कमतरता समजावी. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट मिसळून संध्याकाळी फवारावे. फरशीवर उडू देऊ नये, डाग पडतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हे गवत गवताळ पिवळे होते. तो रोग नव्हे, विश्रांती आहे. त्या काळात खताचा मारा करू नये.

आरोग्याची पथ्ये

हिरवळीत किंवा कुंड्यांखालच्या बशांत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच वाढतो. कुत्र्या-मांजरांची विष्ठा रोज उचला, कारण दूषित मातीतील अंकुशकृमीची अळी अनवाणी तळव्यांतून शरीरात शिरते. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी दवातही अनवाणी चालू नये. काटा रुतल्याचे कळत नाही आणि जखम चिघळते. कीटकनाशक शक्यतो वापरू नका. वापरावेच लागले, तर वेष्टनावर सांगितलेला काळ उलटेपर्यंत मुलांना दूर ठेवा.

परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. जमीन आणि पाणी यांविषयी शंका असेल, तर जाणत्या माणसाला विचारण्याची सोय आपल्या दाराशीच आहे. लागवडीपूर्वी मातीचे परीक्षण करून घ्यावे. आणि शेवटी एवढे ध्यानी ठेवावे: शेजारी टँकरची वाट पाहत असताना आपले अंगण हिरवेगार असणे, यात भूषण नाही. उन्हाळ्यात शांतपणे पिवळी होणारी आणि पहिल्या पावसात पुन्हा उमलणारी हिरवळ हीच या मातीतली खरी हिरवळ होय.