पूल उघडतो तेव्हा

चातुर्मासात सूर्यास्ताची वेळ पाहून दिवसाची आखणी करणारी कुटुंबे आपल्या समाजात आजही पुष्कळ आहेत. गिऱ्हाइकांची वर्दळ, परगावची वसुली, रेल्वे फाटकाचा खोळंबा यांतून वाट काढून चौविहार सांभाळणे किती कठीण असते, हे व्यापारी घरांना सांगावयास नको. मुलाकडे सिएटल येथे राहावयास गेलो असता या व्रताच्या आड एक पूल आलेला मी पाहिला.

सिएटल हे अमेरिकेच्या वायव्य भागातील बंदराचे शहर. समुद्राची खाडी व लेक वॉशिंग्टन हे सरोवर यांना जोडणारा जलमार्ग तेथे १९१७ साली खुला झाला. त्यावरील बॅलर्ड, फ्रीमॉन्ट, युनिव्हर्सिटी आणि मॉन्टलेक हे चार जुने पूल मधोमध दुभंगून वर उचलले जातात. त्यांतील फ्रीमॉन्ट पूल पाण्यापासून जेमतेम ३० फूट उंच आहे. साहजिकच उंच डोलकाठीची नौका आली की तो उघडावा लागतो आणि असे दिवसातून सरासरी ३५ वेळा घडते. नौका एक लांब व एक आखूड भोंगा देते, पुलावरचा चालक तसेच उत्तर देतो, घंटा वाजते, आडवे दांडे खाली येतात आणि मोटारी, बस, सायकली, पादचारी सारे जागच्या जागी थांबतात. पूल चार-पाच मिनिटांत मिटतो, पण तुंबलेली रांग सुटावयास अधिक वेळ लागतो.

नोकरदारांच्या सोयीसाठी सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते ९ आणि दुपारी ४ ते ६ या वेळेत, अतिशय मोठी जहाजे वगळता, नौकांसाठी हा पूल उघडत नाहीत. मात्र ६ वाजले की खोळंबलेल्या नौका एकापाठोपाठ निघू शकतात. ऑक्टोबरच्या पूर्वार्धात तेथे सूर्यास्त साडेसहाच्या आसपास होतो. आमच्या सूनबाईंचे कार्यालय जलमार्गाच्या दक्षिणेस आणि घर उत्तरेस. कार्यालयातून निघावयास दहा मिनिटे उशीर झाला की त्यांची बस नेमकी सहानंतर पुलापाशी पोहोचे. पहिल्याच आठवड्यात तीनदा त्या घरी आल्या तेव्हा सूर्य मावळलेला होता. ताट वाढून ठेवलेले असे. त्या ते झाकून ठेवीत आणि सामायिकास बसत. तक्रारीचा एक शब्द नाही. संताप येई तो मला! चार श्रीमंतांच्या शिडाच्या नौकांसाठी शेकडो कष्टकऱ्यांना का अडवावे, असे मी जेवणाच्या टेबलावर तावातावाने बोलत असे.

एका दुपारी मी जलमार्गाच्या काठी जाऊन बसलो. पुलाच्या दोन्ही पाकळ्यांना मागील बाजूस अवजड प्रतिभार जोडलेले आहेत. दोन्हीकडचे वजन जवळजवळ समतोल असल्यामुळे तेवढे प्रचंड धूड बेताच्या शक्तीच्या मोटारींनी उचलले जाते. हा तर आपल्या दुकानातला तराजूच! चार वाजल्यानंतर एक नौका आली. पूल उघडणार नव्हता. वारा आणि प्रवाह सांभाळीत ती तेथेच घिरट्या घालीत राहिली. मोटार ब्रेक दाबून उभी राहते, नौकेला ते सुख नाही. म्हणूनच एरवी पाण्यावरील वाहतुकीला प्राधान्य देतात. आम्हाला अडवणारी ती नौका आता आमच्यासाठी थांबलेली होती. अनेकान्तावर मी कित्येक व्याख्याने ऐकली आहेत, पण आपल्या रागालाही दुसरी बाजू असू शकते, हे मला त्या काठावर बसल्यावर उमगले.

राग ओसरल्यावर मग हिशेब सुचला. मालाच्या पूर्ण किमतीइतके कर्ज बँक कधीच देत नाही, मार्जिन ठेवते. भाव उतरणार हे गृहीतच धरलेले असते. आम्ही मात्र सूर्यास्तापर्यंतचा प्रत्येक मिनिट खर्ची टाकून बसलो होतो. जो खोळंबा रोजचा आहे त्याला अपघात म्हणता येत नाही. तो खर्च आहे, आणि खर्चाची तरतूद आधी करावयाची असते.

त्या रात्री आम्ही तीन गोष्टी ठरविल्या. सूनबाईंनी साडेपाचऐवजी सव्वापाचला निघावे आणि त्याची भरपाई सकाळी लवकर जाऊन करावी. उशीर होणारच असेल, तर शेजारच्या ऑरोरा पुलावरून जाणारी बस धरावी. १९३२ सालचा तो पूल इतका उंच आहे की तो उघडावाच लागत नाही. उतरल्यावर थोडे अधिक चालावे लागते, इतकेच. आणि तिसरे म्हणजे एक छोटा डबा सोबत न्यावा. काम लांबलेच, तर कार्यालयातच सूर्यास्तापूर्वी जेवून पाणी प्यावे आणि तेथेच पच्चक्खाण घ्यावे. त्यानंतर पूल उघडो की मिटो! चातुर्मास संपेपर्यंत त्यांच्यावर पुलामुळे उपाशी राहण्याची वेळ आली नाही.

डब्याची कल्पना कोणाची, असे मी नंतर विचारले. सूनबाई हसून म्हणाल्या, “पप्पा, ती तर पहिल्याच दिवशी सुचली होती. पण तुमचा पुलावरचा राग संपेपर्यंत बोलायला जागाच नव्हती.”

हिशेब शिकविण्यात माझी उभी हयात गेली. ती एक नोंद मात्र माझ्याकडून राहून गेली होती.