जुनी गाडी, नवं पेट्रोल

सातारा-सांगली पट्ट्यात जुन्या मोटारसायकली अजून बऱ्याच आहेत. म्हैसूरच्या कारखान्यातली जावा आणि येझदी, राजदूत, आरएक्स १००, आणि बुलेट तर आहेच. येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, पण गाड्या घरोघरी राहिल्या. कुणाच्या वडिलांची, कुणाच्या मामांची. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा विषय शिकवत असे, म्हणून लोक आपली गाडी मला दाखवायला आणतात. अलीकडे तक्रार एकाच सुराची असते. सकाळी चार किका जास्त लागतात, ओढ कमी झाली, आणि पेठ नाक्यावरून हमरस्त्याला लागून कराडपर्यंत पळवली की इंजिन नको तितकं तापतं. "मिस्त्रीनं कार्बोरेटर दोनदा धुतला, तरी तसंच."

कार्बोरेटर स्वच्छच असतो. बदललं आहे ते पेट्रोल.

२०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ मध्ये ते देशभर सर्रास झालं. इथेनॉल उसापासून होतं, मका-तांदळापासूनही होतं. कृष्णाकाठच्या माणसाला त्याचं अप्रूप सांगायला नको. आपण पिकवलेला ऊस आपल्याच टाकीत येतो, यात वाईट काही नाही. पण जुन्या गाडीला हे कुणी कळवलेलं नसतं.

एक किलो निव्वळ पेट्रोल पुरतं जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला फक्त नऊ. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला आता आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. नव्या गाड्यांत हे काम इंजेक्शन आणि सेन्सर करतात. एप्रिल २०२० च्या भारत स्टेज ६ नियमांनंतर नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. जुन्या कार्बोरेटरला मात्र नाक नाही, जीभ नाही. पितळेच्या छोट्या तुकड्याला पाडलेलं एक बारीक भोक, त्याला जेट म्हणतात, त्यातून जाईल तेवढं इंधन जाणार. ते आता कमी पडतं. मिस्त्री याला 'लीन' म्हणतात, उलट झालं तर 'रिच'.

लीन गाडी आधी बरी वाटते. धूर कमी, प्लग गोरा. पण इंजिन तापतं आणि टू-स्ट्रोकमध्ये तापलेला पिस्टन फुगून सिलिंडर धरतो. सत्तरच्या वेगात मागचं चाक जाम होतं. क्लच दाबायचं भान राहिलं तर ठीक. त्यात आपल्याकडे ॲव्हरेजसाठी मुद्दाम लहान जेट घालायची सवय आहे. येझदीत ऑइलही पेट्रोलमध्ये मिसळूनच आत जातं, म्हणजे जेट लहान केला की वंगणही कमी केलं. चार रुपयांसाठी इंजिनचं बोअर काढायची वेळ आणणारा हा उद्योग मला कधीच पटला नाही.

तर जेट मोठा करायचा. किती? इथे जेटवर कोरलेला नंबर नीट समजून घ्यावा लागतो. जावा-येझदीच्या यिकॉव्ह कार्बोरेटरमध्ये तो आकडा भोकाचा व्यास असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. इंग्रजी अमलच्या जेटवरचा आकडा मिनिटाला किती घनसेंटिमीटर इंधन जातं तो असतो. आठ टक्के इंधन वाढवायचं तर अमलचा १०० नंबर १०८ करावा लागेल. पण व्यासाचा १०० नंबर १०४ केला तरी काम होतं, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं. दोन्हीला एकच फूटपट्टी लावणारे कारागीर मी पाहिले आहेत. आणि सुईनं किंवा तारेनं भोक मोठं करू नये. ते वाकडं होतं आणि नंबराला अर्थ राहत नाही.

सगळा दोष मेन जेटवर टाकायचाही नाही. थ्रॉटलच्या पहिल्या पाव भागात पायलट जेट आणि एअर स्क्रूचं राज्य असतं, मधल्या भागात स्लाइडची आणि तिला लटकणाऱ्या निडलची हुकूमत, पाऊणाच्या वर मेन जेटची. मुठीवर चिकटपट्टी लावून पाव-अर्धा-पाऊण अशा खुणा करा, मग गाडी नेमकी कुठे अडखळते ते कळतं. मधे अडखळत असेल तर निडलची क्लिप एक खाच खाली घ्यावी, म्हणजे निडल वर येते आणि इंधन वाढतं. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो आत फिरवल्यावर मिश्रण रिच होतं, इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्यावर. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि त्याआधी पॉइंट, टायमिंग आणि कार्बोरेटरच्या जोडातली हवेची गळती तपासा, नाहीतर आजार एक आणि औषध दुसऱ्याला.

मेन जेटची परीक्षा मोकळ्या रस्त्यावर होते. पूर्ण थ्रॉटलवर थोडं अंतर पळवून, क्लच दाबून चावी बंद करायची, थांबून प्लग काढायचा. बिस्किटासारखा रंग आला तर ठीक, पांढरा लीन, काजळी रिच. मात्र शिसेवालं पेट्रोल २००० साली गेल्यापासून आणि आता इथेनॉलमुळे रंग फिकटच येतो, त्यामुळे इंजिनची ओढही पाहावी.

महाबळेश्वरची गंमत वेगळी. सांगलीहून तिथे आठशेएक मीटर चढतो आपण. हवा साधारण आठ टक्के विरळ होते, आणि कार्बोरेटरचं मिश्रण त्याच्या निम्म्यानं, चारेक टक्क्यांनी, रिच होतं. म्हणून सांगलीत लीन चालणारी गाडी वर गेल्यावर सुधारल्यासारखी वाटते. तिथल्या चालीवर भरवसा ठेवून जेटचा निर्णय घेऊ नये. गाडी जिथे रोज चालते, तिथेच ठरवावा.

इथेनॉल पाणी ओढतं आणि जुनं रबर मऊ करतं, हेही लक्षात ठेवा. पेट्रोलचा पाइप आणि रबरी वॉशर नव्या प्रतीचे घाला. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरची वाटी कोरडी होते.