आडनाव होते ‘काणा’, दोन अक्षरे बदलून झाले खानदानी! असईच्या फौजेमागचा ‘द बॉयन’ कोण?

जालना : एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यातील कामगाराचा पीएफचा दावा अडकला, की आधी नाव तपासले जाते. आधारवर ‘सोनवणे’ आणि पीएफमध्ये ‘सोनावणे’ असले, की फॉर्म, सह्या आणि हेलपाटे सुरू. आडनावच बदलायचे तर ते शासनाच्या राजपत्रात छापून आणावे लागते. अडीचशे वर्षांपूर्वी एका तरुणाने मात्र स्वतःचे फ्रेंच आडनाव परस्पर बदलून टाकले. त्याचा धागा जालना जिल्ह्यापर्यंत येतो.

एमआयडीसीकडून छत्रपती संभाजीनगरला जाताना बदनापूर लागते. २१ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे वेलस्ली आणि स्टीव्हन्सन या इंग्रज सेनापतींची भेट झाली. दोनच दिवसांनी असईची लढाई झाली. इंग्रज जिंकले, पण त्यांच्या बाजूचे दीड हजारांवर सैनिक मेले किंवा जखमी झाले. शिंद्यांच्या ज्या कवायती पायदळाने आणि तोफखान्याने ही किंमत वसूल केली, त्याची घडी महादजींच्या काळात बसवली होती बेन्वा द बॉयन याने.

हा १७५१ मध्ये साव्हॉय प्रांतातील शांबेरीत जन्मला. प्रांत सार्डिनियाच्या राजाचा, भाषा फ्रेंच. मूळ आडनाव ‘ल बोर्न्य’. ‘बोर्न्य’ म्हणजे एका डोळ्याचा, आपल्या भाषेत काणा. कुणा पूर्वजाला पडलेले नाव पुढच्या पिढ्यांना चिकटले असावे. आपल्याकडे टकले, बोबडे, एकबोटे आहेतच की! पठ्ठ्याने ‘ल’चा ‘द’ केला आणि ‘आर’च्या जागी ‘आय’ लिहिला. ‘द’ म्हणजे अमुक ठिकाणचा, साधारण आपल्या ‘कर’सारखा, पण फ्रेंच कानाला तो सरदारी वाटतो. काण्याचा असा खानदानी झाला.

त्याच्यानंतर फौज सांभाळणारा पेराँ मुळात पियेर क्युलिये. ‘पियेर’चे लाडके रूप ‘पेराँ’, तेच आडनाव म्हणून चालले. असईत बेगम समरूच्याही पलटणी होत्या. तिच्या नवऱ्याचे ‘सोंब्र’, म्हणजे काळवंडलेला, हे टोपणनाव. देशी तोंडी त्याचे ‘समरू’ झाले, असे मानले जाते.

फ्रान्समध्ये १५३९ च्या फर्मानाने पाद्र्यांना बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या ठेवणे भाग पडले आणि आडनावे स्थिरावत गेली. क्रांतीनंतर, २३ ऑगस्ट १७९४ च्या कायद्याने जन्मनोंदीबाहेरचे नाव वापरण्यास बंदी आली. तेव्हा द बॉयन हिंदुस्थानात शिंद्यांच्या चाकरीत होता. आई किंवा वडील, कुणाचेही आडनाव सोप्या अर्जाने घेण्याची मुभा फ्रेंचांना मिळाली ती थेट २०२२ मध्ये.

द बॉयन १८३० मध्ये शांबेरीतच वारला. शहरात चार हत्तींच्या कारंज्यावर त्याचा पुतळा आहे आणि तिथल्या मुख्य रस्त्याचे नाव आहे ‘रू द बॉयन’.