लिनक्स संगणकावरील व्हिडिओ-प्रदर्शनातील अडचणी : कारणमीमांसा आणि निदानपद्धती

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापनात व्हिडिओचा वापर आता अपवादात्मक राहिलेला नाही. एनपीटेलची व्याख्याने, मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पातील मराठीसह विविध भारतीय भाषांतील पाठ आणि प्राध्यापकांनी स्वतः चित्रित केलेले तास ही सामग्री वर्गात दाखविली जाते. ज्या विभागांनी लिनक्स प्रणाली स्वीकारली आहे तेथे एखादा व्हिडिओ चालला नाही, की ‘लिनक्सवर व्हिडिओ चालत नाहीत’ असा सरसकट निष्कर्ष काढला जातो आणि प्रणाली पुन्हा बसविण्यापासून ती सोडून देण्यापर्यंत निर्णय घेतले जातात. वस्तुतः दोष बहुधा एखाद्याच टप्प्यात असतो. तो टप्पा कसा ओळखावा, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. प्रदर्शनाची साखळी

व्हिडिओ पडद्यावर दिसण्यापूर्वी त्याला पाच टप्प्यांतून जावे लागते. पहिला टप्पा कंटेनरचा. एमपी४, मॅट्रोस्का, वेबएम, एव्हीआय ही नावे डब्यांची आहेत, आतील पदार्थाची नव्हेत. एकाच एमपी४ डब्यात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एच.२६४ पद्धतीचे चित्र असू शकते, २०१३ मधील एच.२६५ चे असू शकते किंवा २०१८ मधील एव्ही१ चेही असू शकते. म्हणूनच ‘कालची एमपी४ फाइल चालली, आजची का चालत नाही?’ या प्रश्नाचे उत्तर फाइलच्या नावात सापडत नाही.

दुसरा टप्पा विसंकेतनाचा, म्हणजे संक्षिप्त केलेल्या माहितीतून पुन्हा चित्र उभे करण्याचा. हे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला कोडेक म्हणतात. तिसऱ्या टप्प्यात हेच काम मुख्य प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपकडे सोपविले जाते. त्यासाठी लिनक्सवर प्रामुख्याने व्हीए-एपीआय हा दुवा वापरतात. चौथा टप्पा तयार चित्र पडद्यावर रेखाटण्याचा आणि पाचवा ध्वनीचा.

२. लक्षणांवरून अनुमान

आवाज येतो पण चित्र दिसत नाही, अशा वेळी आवश्यक कोडेक नसण्याची शक्यता सर्वाधिक असते. चित्रात हिरवे-गुलाबी पट्टे किंवा चौकोनी ठिगळे दिसत असतील तर संशय ग्राफिक्स चिपकडील विसंकेतनावर घ्यावा. अर्थात फाइल खराब असल्यासही ठिगळे दिसतात. चित्र अडखळत असून सिस्टिम मॉनिटरमध्ये प्रोसेसरवरील भार सतत कमाल मर्यादेजवळ असेल, तर चिपची मदत मिळत नसून सर्व भार प्रोसेसर वाहत आहे असे समजावे. वेगवान हालचालीच्या दृश्यात चित्र आडव्या रेषेवर फाटल्यासारखे दिसणे हा मात्र रेखाटनाच्या टप्प्यातील दोष होय. त्यासाठी कोडेक बदलून उपयोग होत नाही.

ध्वनीचा टप्पा सहसा दुर्लक्षित राहतो. अनेक प्लेअर ध्वनीला घड्याळ मानून त्याच्या गतीने चित्र पुढे नेतात. परिणामी ध्वनियंत्रणा अडली तर चित्रही थबकते आणि दोष चित्राचाच वाटतो. ध्वनी बंद ठेवून चित्र सुरळीत चालते का, हे पाहिल्यास त्याचा निर्णय लागतो.

३. निदानाची पद्धत

अनुमानाची पडताळणी करताना एका वेळी एकच घटक बदलावा. प्रथम तीच फाइल दुसऱ्या प्लेअरमध्ये लावावी. येथे एक दक्षता आवश्यक आहे. व्हीएलसी आणि एमपीव्ही हे दोन्ही प्लेअर विसंकेतनासाठी मुख्यतः एफएफएमपेग या एकाच प्रकल्पाच्या लायब्ररीवर अवलंबून असतात. ते एकाच घरचे साक्षीदार होत. स्वतंत्र साक्ष हवी असल्यास जीस्ट्रीमरवर आधारित प्लेअर घ्यावा. दुसऱ्या पायरीत प्लेअर तोच ठेवून निराळी फाइल लावावी. तिसऱ्या पायरीत फाइल व प्लेअर कायम ठेवून ग्राफिक्स चिपकडील विसंकेतन बंद करावे. व्हीएलसीमध्ये ही सोय प्रेफरन्सेसमधील इनपुट व कोडेक्स या भागात आहे. ते बंद करताच चित्र स्वच्छ दिसले तर दोष चिपच्या ड्रायव्हरकडे किंवा त्याच्या दुव्याकडे असल्याचे बव्हंशी निश्चित होते. डब्यात नेमके काय आहे हे एफएफएमपेगसोबत येणारे एफएफप्रोब किंवा व्हीएलसीची कोडेक माहितीची खिडकी सांगते.

४. तांत्रिक दोष की परवान्याचा प्रश्न?

कोडेक का नसतो, याचे उत्तर पुष्कळदा तंत्रज्ञानात नसून कायद्यात असते. एच.२६४ व एच.२६५ या पद्धतींवर पेटंटे असल्याने काही लिनक्स वितरणे त्यांचे कोडेक मूळ संचात देत नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये फेडोराने मेसा या ग्राफिक्स लायब्ररीतील एच.२६४, एच.२६५ व व्हीसी-१ यांचे चिपद्वारे होणारे विसंकेतन याच कारणास्तव बंद केले. यंत्र तेच, चिप तीच. तरीही अद्ययावतीकरणानंतर मेसावर अवलंबून असणाऱ्या संगणकांवर प्रोसेसरचा भार वाढला. आरपीएम फ्यूजन या स्वतंत्र भांडारातील पॅकेज बसविणे हा त्यावरील उपाय ठरला. उबुंटूमध्येही अशा कोडेकांसाठी ‘रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज’ हे वेगळे पॅकेज आहे.

ग्रंथालयातील डीव्हीडींचा प्रश्नही याच स्वरूपाचा आहे. त्यांवरील एमपेग-२ पद्धतीची अमेरिकेतील शेवटची पेटंटे फेब्रुवारी २०१८ मध्ये संपुष्टात आली. तथापि अनेक व्यावसायिक डीव्हीडींवर सीएसएस हे कुलूप असते आणि ते उघडणारी लिबडीव्हीडीसीएसएस ही लायब्ररी प्रमुख वितरणे मूळ संचात देत नाहीत.

५. मूळ फाइलच सदोष असल्यास

एखादी फाइल सर्व संगणकांवर, सर्व प्लेअरमध्ये नाकारली जात असेल तर दोष त्या फाइलमध्येच असतो. पारंपरिक एमपी४ पद्धतीत फाइलची अनुक्रमणिका सामान्यतः चित्रीकरण संपल्यावर लिहिली जाते. तासाचे चित्रीकरण चालू असताना वीज गेली तर चित्र व ध्वनी डिस्कवर असूनही ते कोठे आहेत हे सांगणारी अनुक्रमणिका नसते आणि फाइल उघडत नाही. मॅट्रोस्काची रचना अशा खंडानंतरही तोपर्यंतचा भाग वाचू देते. म्हणून ज्या तासाची पुनरावृत्ती शक्य नाही त्याचे चित्रीकरण मॅट्रोस्कामध्ये करावे व नंतर डबा बदलून एमपी४ तयार करावी. या प्रक्रियेत चित्राचे पुनर्संकेतन होत नसल्याने गुणवत्ता कायम राहते. ओबीएस स्टुडिओमध्ये ‘रीमक्स’ या नावाने ही सोय उपलब्ध आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, व्हिडिओ न चालणे हा एक दोष नसून पाच निरनिराळ्या दोषांचे समान दिसणारे लक्षण आहे. दुसरी, कोडेकचा अभाव हा बहुधा वितरणकर्त्याने जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय असतो. त्यावरून प्रणालीच्या क्षमतेविषयी मत बनविणे योग्य नाही. तिसरी, वर्गातील अडचणींपैकी काही चित्रीकरणाच्या वेळीच टाळता येतात. विभागाने चित्रीकरणाचे स्वरूप आधी ठरवावे, आवश्यक पॅकेजेसची यादी प्रत्येक संगणकाजवळ ठेवावी आणि तासापूर्वी फाइल त्याच यंत्रावर चालवून पाहावी. प्रणाली बदलण्याचा खर्चिक निर्णय घेण्यापूर्वी एवढी पडताळणी होणे अगत्याचे आहे.