चार जुड्या पार्सली, दोन चमचे गहू

तब्बूले हे लेबनॉनचं पार्सलीचं सॅलड पहिल्यांदा केलं तेव्हा मी त्यात लापशीचा रवा भिजवून घातला. पुस्तकात बारीक भरडलेला गहू सांगितला होता आणि घरात डबाभर दलिया होता. तासभर भिजवूनही तो दाताखाली कचकचत राहिला. पुढच्या रविवारी शिजवून घातला, तर पानांत लगदा झाला. मग ती कृती सोडून पुस्तकाच्या सुरुवातीची, एरवी आपण उलटून टाकतो ती जिन्नसांची पानं वाचली आणि उलगडा झाला. लेबनॉनमधला बुरगुल म्हणजे कच्चा भरडा नव्हे. गहू आधी अख्खा उकडतात, उन्हात खडखडीत वाळवतात आणि मग भरडतात. कोकणात, गोव्यात उकडा तांदूळ करतात, जवळपास तीच तऱ्हा. एकदा शिजून वाळलेला असल्यामुळे बारीक बुरगुलाला चूल लागत नाही. टोमॅटोच्या आणि लिंबाच्या रसातच तो मऊ होतो. घरी करायचा तर गहू उकडून, दोन-तीन कडक उन्हं देऊन मिक्सरमधून जाडसर काढायचे आणि चाळणीने बारीक-जाड वेगळे करायचे.

पाककृतीच्या पुस्तकावर माझा विश्वास बसला तो या चुकीमुळे. लेबनॉनच्या बाबतीत तर ही पुस्तकं का लिहिली गेली हे कळल्यावर ती वाचायची रीतच बदलते.

त्या देशात स्वयंपाक शिकायची जागा आईच्या शेजारी, ओट्यापाशी होती. द्राक्षाची पानं गुंडाळायला, कोवळ्या काकडीएवढे दुधी कोरून त्यात भात-खिमा भरायला तीन पिढ्यांच्या बायका एकत्र बसत. मापं कोणी लिहून ठेवत नसे. १९७५ ते १९९०च्या यादवी युद्धात घरं सुटली, कुटुंबं पॅरिस, लंडन, माँट्रियल, साओ पाउलोपर्यंत पांगली आणि ओट्यापाशी उभी राहणारी एक अख्खी पिढी दूर गेली. बेरूतमध्ये जन्मलेल्या आणि तरुणपणी लंडनला गेलेल्या अनिसा हेलू यांचं ‘लेबनीज क्युझीन’ १९९४ साली आलं, ते या पार्श्वभूमीवर. त्यांच्याआधी १९६८ साली क्लॉडिया रोडन यांनी मध्यपूर्वेच्या स्वयंपाकावर पुस्तक लिहिलं. त्या मूळच्या कैरोच्या. १९५६च्या सुवेझ संघर्षानंतर इजिप्तमधून बाहेर पडलेल्या ज्यू कुटुंबांकडून त्यांनी कृती गोळा केल्या होत्या. दोन्ही पुस्तकांमागे तुटलेली घरं आहेत. ज्या मुलीला विचारायला आई जवळ नाही तिला सांगावं, इतक्या बारकाईने त्यातल्या कृती लिहिल्या आहेत. म्हणून मी एक पथ्य पाळते: पदार्थ पहिल्या तीन वेळा पुस्तकात आहे तसाच करायचा. आपला हात चौथ्या वेळी.

हे वाटतं तितकं सोपं नाही. मुजद्दरा हा अख्खा मसूर, तांदूळ आणि कांद्याचा पदार्थ करताना माझा हात तीनदा मोहरीच्या डब्याकडे गेला. नावाचा अर्थ देवीच्या व्रणांचा, कारण पांढऱ्या भातात मसूर तसे दिसतात. १२२६ सालच्या बगदादी पाकग्रंथातही हे नाव आहे, मात्र तिथे त्यात मांस घातलेलं आहे. भात सुटा ठेवला तर लेबनॉनमध्ये त्याला मुदर्दरा म्हणतात. यात हिंग नाही, हळद नाही, मिरची नाही. सगळी चव कांद्याची. चार मोठे कांदे उभे चिरून ऑलिव्ह तेलात मंद आचेवर अर्धा-पाऊण तास परतायचे, करपण्याच्या एक पाऊल आधीपर्यंत. निम्मे भातात शिजतात, निम्मे वर. घाई करून सोनेरी झाल्यावरच उतरवले तर मसूरभात होतो, मुजद्दरा होत नाही.

तब्बूलेकडे परत जाऊ, कारण बाहेर मिळणारं तब्बूले बहुधा उलटं असतं: गहू ढीगभर, हिरवं नावाला. खरं प्रमाण चार मोठ्या जुड्या पार्सलीला जेमतेम दोन-तीन मोठे चमचे बुरगुल. सोबत मूठभर पुदिना, पातीचा कांदा, घट्ट टोमॅटो, लिंबू, ऑलिव्ह तेल. पार्सली मंडईत इंग्लिश भाजीवाल्याकडे मिळते. सपाट पानांची घ्यावी, कुरळी नको, आणि तिच्या जागी कोथिंबीर तर नकोच, चव पूर्ण बदलते. धुऊन पंचावर पसरून अगदी कोरडी करायची. धारदार सुरीने एकदाच बारीक चिरायची, पुन्हा पुन्हा सुरी चालवायची नाही. पान चेचलं की पाणी सुटतं आणि ते कडवट, काळपट होतं. मिक्सरचं इथे काम नाही. लेबनॉनमधल्या घरांत या चिरण्यावरून सुगरण ओळखतात आणि मला ते पूर्ण पटतं.

ताहिनीने मला दुसरा धडा दिला. ती पॉलिशच्या तिळांची करायची, सालासकटच्या तिळांची कडवट लागते. तीळ गरम होईपर्यंतच भाजायचे, रंग बदलू द्यायचा नाही, आणि थोडं तेल घालून वाटायचे. या वाटणात लिंबाचा रस घातला की ते पातळ होण्याऐवजी एकदम घट्ट, खरखरीत होतं. पहिल्यांदा मी ते नासलं असं समजून टाकून दिलं होतं. खरं तर तिळाचे कण तेलात तरंगत असतात, त्यांना थोडंसं पाणी मिळालं की ते एकमेकांना चिकटतात. गार पाणी चमच्याचमच्याने घालत घोटत राहिलं, की तोच गोळा सैल होतो, पांढरा पडतो आणि सायीसारखा पसरतो. हम्मस, भाजलेल्या वांग्याचं मुतब्बल, माशावरचा तरातोर या सगळ्यांचा पाया हाच.

काही ठिकाणी मात्र आपली शिकवणी आधीच झालेली असते. दही उकळून केलेल्या रश्शात तिथे किब्बे म्हणजे कुटलेल्या मांसाचे गोळे किंवा कोकराचं मांस शिजवतात. मांसाच्या त्या पदार्थाचं नाव लबन इम्मो, म्हणजे त्याच्या आईचं दूध. दही फुटू नये म्हणून त्यात कॉर्नफ्लॉवर किंवा अंड्याचा पांढरा बलक घालतात आणि उकळी येईपर्यंत डाव थांबवत नाहीत. कढीला बेसन लावणाऱ्या हाताला हे वेगळं शिकवावं लागत नाही. तसंच तकलियेचं: ठेचलेला लसूण आणि कोथिंबीर तेलात परतून ते मुलुखियेसारख्या पालेभाजीच्या रश्शात ओततात. चुर्र असा आवाज आला की मला घरी आल्यासारखं वाटतं.

शाकाहारी घरांना या स्वयंपाकात भरपूर जागा आहे. त्याचं एक कारण उपासाचं. मारोनी आणि ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ईस्टरआधीच्या काळात मांस टाळतात, म्हणून ‘बि झैत’ म्हणजे तेलातल्या भाज्यांचा मोठा वर्ग तयार झाला. घेवड्याच्या शेंगा कांदा-लसूण-टोमॅटोत मऊ शिजवायच्या आणि गार झाल्यावर खायच्या. जो किब्बे एरवी दगडी उखळात मांस कुटून करतात, तो या दिवसांत लाल भोपळा आणि बुरगुलाचा होतो. बेगमीचा ‘मूने’ हा तर स्वतंत्र लेखाचा विषय. डोंगरातल्या हिवाळ्यासाठी दही आणि बुरगुल आंबवून वाळवलेलं किश्क, तेलात मुरवलेली अक्रोड भरलेली वांगी, डाळिंबाचा आटवलेला रस. बार्बरा मसाद यांनी २०१० साली त्यावर जाडजूड ग्रंथच केला.

पुस्तकात न मावणाऱ्या गोष्टीला तिथे ‘नफस’ म्हणतात, म्हणजे श्वास. आपण ‘हाताला चव आहे’ म्हणतो, तिथे तिचा नफस चांगला आहे म्हणतात. कमाल मुझवक यांनी २००९ साली बेरूतमध्ये ‘तावलेत’ हे भोजनगृह काढलं, त्यात ठरावीक आचारी नाही. वेगवेगळ्या गावांच्या बायका आळीपाळीने येऊन आपापल्या गावचं रांधतात. ४ ऑगस्ट २०२०च्या बंदरातल्या स्फोटात ते उद्ध्वस्त झालं, तेव्हा त्याच मंडळींनी गरजूंसाठी सामुदायिक स्वयंपाकघर उभं केलं.

या वर्षी आमच्या शेजारच्या घरी बाळ आलं. लेबनॉनमध्ये बाळ झालं की भेटायला येणाऱ्यांना मोग्ली देतात. तांदळाचं पीठ, साखर, कॅरवे, दालचिनी, बडीशेप पाण्यात कालवून घट्ट होईपर्यंत शिजवायचं आणि वर भिजवलेले बदाम, अक्रोड, खोबरं. मोग्ली म्हणजे उकळलेलं. रंग नांगरलेल्या मातीसारखा. नाताळातही करतात, तोही एका जन्माचा दिवस म्हणून. मी एक वाटी पिठाला आठ वाट्या पाणी घेतलं आणि तासभर डाव फिरवत उभी राहिले. शेजारच्या आजींनी आधी वास घेतला, मग चमचाभर चाखून पाहिलं. “बाळंतिणीला चालेल हे,” त्या म्हणाल्या, “पण अळीव का नाही घातलेस?”

मी म्हटलं, “आजी, अजून दोनदा असंच करते. मग घालते.”