यमूचा चेहरा कोणता?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या नात्यांतील एक शिक्षिका तिसरीच्या वर्गाला पाण्याचा प्रवास शिकवीत होत्या. समुद्राच्या पाण्याची वाफ, वाफेचे ढग, ढगांचा पाऊस आणि पावसाची नदी, हें सारें नुसत्या आकृतीनें मुलांच्या मनावर ठसत नाहीं. म्हणून त्यांनीं यमू नांवाची एक मुलगी कल्पिली, आणि ती पाण्याच्या थेंबामागून हिंडते अशीं पांच चित्रें कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून काढवून घेतलीं. चित्रें एकाहून एक सुरेख उतरलीं. परंतु पहिल्या चित्रांत यमूच्या दोन वेण्या होत्या, दुसऱ्यांत केस मोकळे होते, आणि तिसऱ्यांत ती एकाएकीं दोन वर्षांनीं मोठी झाली! चवथें चित्र दाखवितांच एका मुलानें विचारलें, “बाई, ही कोण? यमू कोठें गेली?” झालें! त्यानंतर ढगाकडे कोणीही पाहिलें नाहीं; सारा वर्ग यमूला शोधूं लागला.

त्या मुलाचें कांहीं चुकलें असें आम्हांस वाटत नाहीं. गोष्टींतील माणसावर विश्वास टाकून मूल त्याच्या मागोमाग जातें. तें माणूसच बदललें तर वाट तुटते. आर. के. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस चौकड्यांचा कोट, धोतर आणि चष्मा एवढ्यावरून एक शब्दही न बोलतां ओळखूं येई, तें याच कारणानें.

मग यंत्र असें कां चुकतें? अशीं पुष्कळ साधनें ठिपक्यांच्या निरर्थक गर्दीपासून आरंभ करतात व आपल्या शब्दांच्या अनुरोधानें ती टप्प्याटप्प्यानें निवळीत नेतात. प्रत्येक वेळीं ही गर्दी निराळी. शिवाय ‘दोन वेण्यांची आठ वर्षांची मुलगी’ हें वर्णन हजारों मुलींस लागू पडतें. त्यांतील आपली कोणती, हें यंत्रानें कसें जाणावें?

यास्तव प्रथम आपणच यमूला नीट ओळखावें. वय, चेहऱ्याची ठेवण, केस, पोशाखाचा रंग आणि एखादी ठळक खूण, हें एका कागदावर लिहून ठेवावें, व प्रत्येक वेळीं तेच शब्द वापरावे. नंतर समोरून, बाजूनें व पाठीमागून दिसणारी यमू एकाच चित्रांत काढवून घ्यावी. हालत्या चित्रांचे चित्रकार असेच नमुने जवळ बाळगतात. पुढील प्रत्येक चित्राच्या वेळीं हा नमुना यंत्रापुढें ठेवून केवळ स्थळ व कृति बदलावी. ‘मिडजर्नी’नें मार्च २०२४ मध्यें अशा नमुन्याची खास सोय केली, आणि गूगलच्या ‘जेमिनी’नें ऑगस्ट २०२५ मध्यें तिच्यांत पुष्कळच सुधारणा केली. तरीही प्रत्येक चित्र पहिल्याशीं ताडून पाहणें हें आपलेंच काम आहे.

दोन गोष्टी मात्र विसरूं नयेत. चेहरा जुळला म्हणजे पाठ बरोबर झाला असें नव्हे. यमू तीच असेल, पण तिच्या मागची नदी डोंगर चढत असेल! आणि नमुना म्हणून खऱ्या मुलाचें छायाचित्र देण्याचा मोह टाळावा. मूल आपलें असो वा परक्याचें, त्याचा चेहरा पुढें कोठें जाऊन पडेल, यावर आपला ताबा राहत नाहीं.

त्या शिक्षिकांनीं एक सबंध सायंकाळ खर्चून पांचही चित्रें पुन्हां केलीं. या खेपेस दोन वेण्या आणि हिरवा परकर शेवटपर्यंत टिकला. वर्गांत यमूविषयीं कोणीं चकार शब्द काढला नाहीं. तोच मुलगा उठून म्हणाला, “बाई, थेंब समुद्रांत परत गेल्यावर पुन्हां वर कधीं जातो?”

यमूचें काम झालें होतें.